प्रश्न तुमचे : अर्थशास्त्र, सार्वजनिक धोरण आणि डेटा सायन्स

पदव्युत्तर शिक्षणासाठी या तीन विषयांची पार्श्वभूमी एकत्र कशी उभी करावी, याबद्दल आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. सर्वाधिक पत्रे सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून आली, म्हणून या वेळची उदाहरणेही तिथलीच घेतली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : बी.ए.ला अर्थशास्त्र होते, आता केगावला विद्यापीठात एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. गणित दहावीनंतर सुटले. डेटा सायन्स जमेल का? गणित किती लागते? आणि इकॉनॉमेट्रिक्स आणि डेटा सायन्स एकच का?
— विद्यार्थिनी, बाळे

उत्तर : जमेल, पण ‘थोडेफार गणित’ म्हणून भागणार नाही. नेमके काय लागते ते सांगतो.

सुरुवात लॉगपासून (म्हणजे नैसर्गिक लॉगॅरिदम) करा. दर, मजुरी, उत्पन्न यांवर काम करताना बहुतेक वेळा लॉग घेतला जातो, कारण दोन लॉगमधला फरक जवळपास टक्केवारीतल्या बदलाइतका येतो. हे ‘जवळपास’ लक्षात ठेवा. दर 2,000 वरून 2,100 झाला तर वाढ 5 टक्के आणि लॉगमधला फरक 0.049, म्हणजे ठीक. पण 2,000 चा 1,000 झाला तर घट 50 टक्के आणि लॉगमधला फरक उणे 0.69. हा आकडा ‘69 टक्के घट’ म्हणून प्रबंधात लिहिला, तर तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न त्यावरच येतो.

पुढे डेरिव्हेटिव्ह (बदलाचा दर), पार्शल डेरिव्हेटिव्ह आणि लाग्रांजची रीत (अटी पाळून कमाल-किमान काढण्याची). मग मॅट्रिक्स, म्हणजे ओळी-रकान्यांत मांडलेले आकडे : गुणाकार, व्यस्त, रँक. मॅट्रिक्स कशाला, असे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हमखास वाटते. सोलापूर जिल्ह्यात 11 तालुके आहेत. प्रत्येक तालुक्यासाठी 0/1 चा एक असे 11 रकाने केले आणि समीकरणात स्थिरांकही ठेवला, तर त्या 11 रकान्यांची बेरीज प्रत्येक ओळीत 1 येते, म्हणजे स्थिरांकाइतकीच. मॅट्रिक्सचा व्यस्त निघत नाही. सॉफ्टवेअर गुपचूप एक तालुका गाळते आणि बाकी दहांचे आकडे ‘गाळलेल्या तालुक्याच्या तुलनेत’ असतात. कोणता तालुका गळला हे न पाहता कोष्टक छापले, तर त्याला अर्थच राहत नाही.

शेवटचा भाग संभाव्यतेचा : अपेक्षित मूल्य, प्रचरण (आकडे सरासरीभोवती किती विखुरले ते), सशर्त संभाव्यता, मध्यवर्ती सीमा प्रमेय. हे सगळे आठवड्याला आठ तास देऊन सहा महिन्यांत होते. स्वयम् आणि एनपीटेल या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळांवर यांचे अभ्यासक्रम फुकट पाहता येतात. नुसते व्हिडिओ पाहू नका, रोज पाच गणिते कागदावर सोडवा. कागदाशिवाय हा विषय अंगवळणी पडत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. सांगोला किंवा मंगळवेढ्यातल्या कोणत्या गावांना एप्रिलमध्ये टँकर लागेल, हे फेब्रुवारीत सांगायचे असेल तर तो भाकिताचा प्रश्न आहे. पाऊस, भूजल पातळी, गेल्या वर्षांचे टँकर अशी माहिती घालून मशीन लर्निंगचे मॉडेल बांधा. ते का चालते हे कळले नाही तरी भाकीत खरे ठरले की काम झाले. पण 2014 च्या डिसेंबरात सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानामुळे टँकर कमी झाले का, हा कारणाचा प्रश्न आहे. अभियानासाठी गावे चिठ्ठ्या टाकून निवडली नव्हती. जिथे टंचाई जास्त तिथे काम आधी. त्यामुळे निवडलेली आणि न निवडलेली गावे नुसती शेजारी ठेवून तुलना केली तर अभियानाने टंचाई वाढवली असेही उत्तर येऊ शकते. भाकितात पटाईत असलेले मॉडेल इथे काहीच उपयोगाचे नाही. इथे इकॉनॉमेट्रिक्स, म्हणजे आर्थिक आकडेवारीतून कारण आणि परिणाम वेगळे काढणारे संख्याशास्त्र, लागते. आणि मुळात हा प्रश्न विचारण्याजोगा आहे, हे ओळखायला धोरणाचा अभ्यास लागतो.

प्रश्न : 8 डिसेंबर 2023 ला कांदा निर्यातबंदी झाली. सोलापूर बाजार समितीतल्या दरावर तिचा किती परिणाम झाला, हा माझा एम.ए.चा विषय आहे. आधीच्या महिन्याची सरासरी आणि नंतरच्या महिन्याची सरासरी काढली, फरक आला. मार्गदर्शक म्हणतात हे पुरेसे नाही. का?
— विद्यार्थी, मोहोळ

उत्तर : मार्गदर्शकांचे बरोबर आहे. विषय मात्र उत्तम निवडला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी माहिती गोळा करण्याबद्दल. दैनिक दर दोन ठिकाणी मिळतात : केंद्राच्या अॅगमार्कनेटवर आणि राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर. पणन मंडळाच्या तक्त्यात जात, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर असे रकाने असतात. दोन्हीकडची माहिती जोडणार असाल तर आवकेचे एकक आधी बघा. एकीकडे क्विंटल आणि दुसरीकडे टन असेल, तर आवक एका रात्रीत दहापट झालेली दिसते. सर्वसाधारण दर म्हणजे त्या दिवशी जास्तीत जास्त माल ज्या दराच्या आसपास गेला तो दर. ती वजनी सरासरी नव्हे. म्हणून ‘शेतकऱ्याला सरासरी मिळालेला भाव’ असे त्याला म्हणू नका.

मग साफसफाई. कमीत कमी दर सर्वसाधारण दरापेक्षा जास्त आहे, अशा ओळी आधी बाजूला काढा, त्या नोंदीच्या चुका असतात. किलोचा दर क्विंटलच्या रकान्यात पडला की 1,800 च्या जागी 18 दिसतो. एकाच तारखेच्या दोन ओळीही सापडतात : कधी दोन जातींच्या, कधी निव्वळ दुबार. सुट्टीच्या दिवशी ओळच नसते. तिथे शून्य भरू नका. संक्रांतीला सिद्धेश्वर यात्रेच्या सुमारास लिलाव बंद राहिले की पुढच्या दिवशी आवक तुंबून येते आणि दर हलतो. हा हेलकावा निर्यातबंदीच्या खात्यावर जाऊ नये म्हणून दैनिक दरांवरून आठवड्याचा मध्यक (दर क्रमाने लावल्यावर मधला येतो तो) काढा आणि त्यावर काम करा.

आता मूळ मुद्दा. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत सोलापुरात लाल कांद्याची आवक जोरात असते आणि बंदी नसली तरी या काळात दर खाली येऊ शकतो. म्हणून तुलना आधीच्या महिन्याशी नको, आधीच्या वर्षांच्या त्याच आठवड्यांशी हवी. पण कोणती वर्षे? इथेच बहुतेकांचे चुकते. 2019 ला 29 सप्टेंबरपासून निर्यातबंदी होती, ती 15 मार्च 2020 ला उठली. 2020 ला पुन्हा 14 सप्टेंबरला लागली आणि 1 जानेवारी 2021 ला उठली. 2017 च्या नोव्हेंबरात टनाला 850 डॉलर किमान निर्यात मूल्य लावले होते, म्हणजे त्याहून कमी दराने निर्यात करता येत नव्हती. हे तिन्ही हंगाम तुलनेला घेतले तर तुम्ही बंदीची तुलना बंदीशीच करता आणि परिणाम नाहीसाच दिसतो. 2017-18 पासूनचे हंगाम धरले तर मोकळे हंगाम उरतात तीन : 2018-19, 2021-22 आणि 2022-23.

‘बंदीपूर्व’ काळही निर्मळ नाही. 19 ऑगस्ट 2023 ला निर्यातीवर 40 टक्के शुल्क लागले, ऑक्टोबरच्या अखेरीस टनाला 800 डॉलर किमान निर्यात मूल्य आले आणि मग डिसेंबरात बंदी. म्हणजे निर्यात तीन पायऱ्यांनी आवळली गेली. समीकरणात ‘बंदी : हो/नाही’ असा एकच रकाना न ठेवता तीन टप्प्यांचे तीन रकाने ठेवा. 4 मे 2024 ला बंदी उठली, पण 550 डॉलर किमान मूल्य आणि 40 टक्के शुल्क राहिले. तो चौथा टप्पा.

आवक समीकरणात घालावी का, हे तुमच्या पत्राच्या शेवटी विचारले आहे. सावधपणे. आवक स्वतःच बंदीमुळे बदलत असेल, तर ती घालून तुम्ही परिणामाचा एक भाग पुसून टाकता. पण खरीप आणि लेट खरिपाचा लाल कांदा टिकत नाही. शेतकरी तो चाळीत महिनोन् महिने ठेवू शकत नाही, काढला की विकावाच लागतो. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत आवक घालणे त्यातल्या त्यात सुरक्षित आहे. एप्रिल-मेच्या उन्हाळी कांद्याला हे लागू नाही, तो चार-सहा महिने थांबू शकतो. दोन्ही प्रकारे चालवा, दोन्ही निकाल छापा.

शिवाय 2023 चा पाऊस. त्या वर्षी राज्य सरकारने 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत सोलापूर जिल्ह्यातले तालुकेही होते. उत्पादन घटले की दर वर जातो, बंदीने खाली येतो. तुम्हाला दिसतो तो दोघांचा गोळाबेरीज परिणाम. त्यामुळे तुमचा अंदाज खऱ्या परिणामापेक्षा कमी येण्याची शक्यता आहे आणि हे प्रबंधात उघड लिहा.

दुसरी एखादी बाजारपेठ तुलनेला घेता येईल का? लासलगाव, पिंपळगाव यांचा निर्यातीशी संबंध अधिक, लांबच्या राज्यांतल्या काही बाजारपेठांचा कमी. ‘फरकातला फरक’ (दोन बाजारांतल्या आधी-नंतरच्या बदलांची तुलना) ही पद्धत त्यावर बसवता येते, पण एक अडचण राहते. निर्यातीचा माल देशात वळला की त्या लांबच्या बाजारातलाही दर पडतो. ज्याला आपण बंदीपासून मोकळा समजतो, तोही भिजलेला असतो. म्हणून ही पद्धत वापरली तर निकाल ‘निदान इतका’ अशा अर्थाने मांडा.

शेवटी एक खोटी चाचणी करा. तीन मोकळ्या हंगामांत 8 डिसेंबरला बंदी झाली असे समजून तेच समीकरण चालवा. एखाद्या हंगामात तेवढीच ‘घट’ निघाली, तर तुमचा आकडा बंदीचा आहे असे ठामपणे म्हणता येणार नाही. असा निकाल आला म्हणून प्रबंध वाया जात नाही. मोकळे हंगाम तीनच का उरतात, हे दाखवणारा प्रबंध परीक्षकाला जास्त पटतो.

प्रश्न : सोलापुरातल्या विडी कामगार महिलांच्या उत्पन्नावर संशोधन करायचे आहे. सरकारी सर्वेक्षणातली आकडेवारी पुरेल की स्वतः पाहणी करावी?
— विद्यार्थिनी, अक्कलकोट रस्ता, सोलापूर

उत्तर : आधी सरकारी, मग स्वतःची. पण सरकारी आकडेवारीकडून काय मिळणार नाही हे आधी जाणून घ्या.

आवधिक श्रमबल सर्वेक्षण, म्हणजे पीएलएफएस, 2017 पासून होते आणि त्याची व्यक्तिनिहाय माहिती मोफत उतरवता येते. 2023-24 च्या फेरीत देशभरात सुमारे 4 लाख 18 हजार व्यक्ती होत्या. आकडा मोठा वाटतो, पण तो सगळ्या जिल्ह्यांत वाटला गेला की एका जिल्ह्याच्या वाट्याला थोडीच कुटुंबे येतात. समजा जिल्ह्यातल्या 120 कामकरी महिला नमुन्यात आल्या आणि त्यांतल्या 18 विडी वळतात, म्हणजे 15 टक्के. साधा नमुना धरला तरी प्रमाण त्रुटी (नमुन्यामुळे अंदाजात येणारा हेलकावा) 3.3 टक्क्यांची. नमुना गटागटाने घेतल्यामुळे प्रचरण दुप्पट धरले तर 4.6. म्हणजे खरा आकडा 6 ते 24 टक्क्यांत कुठेही असू शकतो. याच्या आधारे ‘गेल्या वर्षीपेक्षा प्रमाण दोन टक्क्यांनी घटले’ असे लिहिणे म्हणजे वाचकाची दिशाभूल. जानेवारी 2025 पासून या सर्वेक्षणाची रचना बदलून जिल्हा हा मूळ स्तर केला आहे, त्यामुळे पुढच्या माहितीत जिल्ह्याचे चित्र सुधारेल. मात्र जुन्या आणि नव्या फेऱ्या जोडून कल काढू नका.

फाइल उघडताना तीन गोष्टी. एक, माहिती मजकुराच्या सलग ओळींत असते, कोणता रकाना कुठून कुठे हे सोबतच्या आराखड्याच्या फाइलमध्ये असते. एक अक्षर सरकले की वय 45 चे 5 होते. म्हणून वाचून झाल्यावर वयाचा आलेख काढा, गडबड लगेच दिसते. दोन, भार, म्हणजे नमुन्यातली एक व्यक्ती लोकसंख्येतल्या किती जणांच्या वतीने मोजायची तो आकडा. जुन्या रचनेत फाइलमधल्या एनएसएस आणि एनएससी या रकान्यांतले दोन आकडे सारखे असतील तर गुणकाच्या रकान्यातला आकडा भागिले 100, नसतील तर भागिले 200 आणि वर्षाचे अंदाज काढताना तिमाहींच्या संख्येनेही भाग द्यायचा. भार न लावता काढलेली टक्केवारी ही फक्त नमुन्याची असते. तीन, कामाच्या मुख्य स्थितीवर (वर्षातला जास्त वेळ ज्यात जातो ती) थांबू नका. घरी विडी वळणाऱ्या कित्येक बायका ‘मुख्य काम काय’ म्हटले की घरकाम सांगतात, विडी दुय्यम स्थितीत येते. मुख्य आणि दुय्यम दोन्ही मिळून पाहा, नाहीतर तुमच्या विषयातल्या बायकाच हिशेबातून गळतील. उद्योगाच्या वर्गीकरणात विभाग 12 तंबाखूचा आणि 13 कापडाचा. यंत्रमागाशी तुलना करायची असेल तर दोन्ही काढून ठेवा.

आता तुमची पाहणी. एखादे प्रमाण पाच टक्के इकडेतिकडे धरून हवे असेल तर साध्या नमुन्याला 385 जणी लागतात. वस्त्यांचे गट करून घेतल्यास दीडपट, म्हणजे 578 आणि दहा टक्के नकार धरून 642. चार जणींनी रोज सहा मुलाखती घेतल्या तरी हे 27 दिवसांचे काम आहे. एकटीने हे करू नका. 12 वस्त्या आणि प्रत्येकी 15 महिला असा 180 चा नमुना घेतला तर अंदाज नऊ टक्के इकडेतिकडे येतो. एम.ए.ला तेवढे चालते, फक्त त्याच्या जोरावर दोन वस्त्यांमधले बारीक फरक सांगू नका. वस्ती निवडल्यावर आधी घरांची यादी करा आणि यादीतून ठरावीक अंतराने घरे उचला. ओळखीच्या ताईंनी दाखवलेली घरे घेतली की संघटनेशी जोडलेल्या बायकाच जास्त येतात.

प्रश्नावलीत ‘महिन्याचे उत्पन्न किती’ असे विचारून काही हाती लागत नाही. मजुरी हजार विड्यांमागे असते, म्हणून गेल्या सात दिवसांत किती माल दिला, हजारी दर काय, बाद किती काढल्या, पाने कमी पडली म्हणून पदरची घातली का, असे तुकड्यातुकड्याने विचारा. पासबुक किंवा कार्ड दाखवत असतील तर आकडे ताडून घ्या. आणि एक प्रश्न हमखास ठेवा : पाने कापायला, विड्या बांधायला घरातले कोण बसते? सासू पाने कापते, मुलगी दोरा गुंडाळते आणि नाव एकीचे लागते. मग ती मजुरी एका बाईची नसून घराची आहे. ताशी उत्पन्न काढताना हे तास धरले नाहीत तर आकडा फुगतो.

सोलापूर शहराच्या पूर्व भागात अनेक घरांत तेलुगू बोलतात. प्रश्नावली तेलुगूतही करा, ती दुसऱ्या कोणाकडून परत मराठीत आणून मूळ प्रश्नाशी जुळवा आणि पंधरा घरांत आधी करून पाहा. संमती तोंडी घेतली तरी शब्द ठरलेले हवेत. नाव आणि फोन नंबर उत्तरांच्या फाइलमध्ये ठेवू नका.

गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी सोलापूर शहराचा सामाजिक-आर्थिक अभ्यास केला होता, तो 1965 ला ग्रंथरूपाने आला. विद्यापीठाच्या ग्रंथालयात चौकशी करा. तुमच्या पाहणीला एवढा जुना आधार असणे ही भाग्याची गोष्ट आहे.

प्रश्न : आर शिकू की पायथन? 8 जीबीचा लॅपटॉप चालेल का?
— विद्यार्थी, बार्शी

उत्तर : दोन्ही संगणकाच्या भाषा आहेत. सर्वेक्षणाच्या माहितीवर आणि इकॉनॉमेट्रिक्सवर काम असेल तर आर. संकेतस्थळांवरून माहिती ओढणे, मजकूर, नकाशे, मशीन लर्निंग यांसाठी पायथन. एक नीट येऊ द्या, दुसरे मग दोन महिन्यांत येते. 8 जीबी पुरते, मात्र सगळी फाइल न वाचता लागणारे रकानेच वाचा.

एक्सेल बघण्यासाठी ठेवा, साठवण्यासाठी नको. 01 सारख्या संकेतांकातले पुढचे शून्य तिथे उडते आणि मराठी नावे असलेली सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली मजकुराची फाइल) उघडली की चौकोन दिसतात. अक्षरे साठवण्याची पद्धत ‘यूटीएफ-8’ आहे असे सांगून ती आयात करावी लागते. जुन्या सरकारी पीडीएफमधला मराठी मजकूर कॉपी केला की भलतीच अक्षरे येतात, कारण तो युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये असतो. आधी फाँट रूपांतरक चालवा.

जिल्ह्यांची जोडणी नावावरून कधीच करू नका. उस्मानाबाद आता धाराशिव आहे, अहमदनगर अहिल्यानगर आहे, सोलापूर कुठे ‘शोलापूर’ लिहिलेले आहे. 2011 च्या जनगणनेचे संकेतांक वापरा, त्यात सोलापूरचा 526. पालघर 2014 ला ठाण्यातून वेगळा झाला, त्यामुळे जनगणनेत 35 जिल्हे आणि आजच्या यादीत 36. काळाची तुलना करायची असेल तर पालघर पुन्हा ठाण्यात मिळवा.

प्रश्न : कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. सार्वजनिक धोरणात मास्टर्स करायचे आहे, देशात किंवा जर्मनीत. अर्जात ‘शैक्षणिक पार्श्वभूमी’ काय लिहू? अर्थशास्त्र कधी शिकलोच नाही.
— विद्यार्थी, सोलापूर

उत्तर : अर्जाला अजून वेळ असेल तर आधी दोन गोष्टी करा. सूक्ष्म अर्थशास्त्र आणि सार्वजनिक वित्त यांचा प्रत्येकी एक परीक्षेसह अभ्यासक्रम पुरा करा, गुणपत्रक मिळते. आणि सोलापूर महापालिकेची सलग पाच वर्षांची अंदाजपत्रके घेऊन बसा. त्यात मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष असे तीन आकडे असतात. प्रत्यक्ष आकडा दोन वर्षे मागचा असतो. यंदाचा अंदाज आणि मागचे प्रत्यक्ष यांची सरळ तुलना केली की दरवर्षी ‘प्रचंड वाढ’ दिसते. त्याच वर्षाचा अंदाज आणि त्याच वर्षाचे प्रत्यक्ष जुळवा, मग कोणत्या खात्यात पैसे दरवर्षी पडून राहतात ते कळते. भांडवली कामे एका बाजूला, पगार आणि वीजबिले दुसऱ्या बाजूला ठेवा. दोन पानांचे टिपण होईल आणि ते तुमच्या अर्जातला सगळ्यात भरीव भाग ठरेल.

धोरणाचा विद्यार्थी म्हणून विचार कसा करतात, याचे एक उदाहरण पाहा. कुंभारीच्या रे नगरमध्ये असंघटित कामगारांसाठी घरे बांधली, त्यांतल्या 15,000 घरांच्या चाव्या 19 जानेवारी 2024 ला देण्यात आल्या. ‘घरांमुळे लोकांचे जीवन सुधारले का’ असा प्रश्न अर्जात लिहिला तर तो भाषणात शोभेल. ‘शहरातल्या कामापासूनचे अंतर वाढल्यावर बायकांचे कामाचे तास बदलले का आणि जाण्यायेण्यावर मजुरीतला किती भाग जातो’ हा मोजता येणारा प्रश्न. त्यापुढची अडचणही लिहा : घर घेणारी कुटुंबे आणि न घेणारी कुटुंबे मुळातच वेगळी असणार, मग तुलना कोणाशी? प्रवेश समितीला इथे माणूस दिसतो.

लिहिण्याची रीत सांगतो. ‘मला डेटा सायन्सची आवड असून पायथन, आर, एसक्यूएल यांचे सखोल ज्ञान आहे’ हे वाक्य शेकडो अर्जांत असते, ते वाचणाऱ्याच्या डोक्यात राहत नाही. त्याऐवजी असे : ‘सोलापूर बाजार समितीचे सहा हंगामांचे दैनिक कांदा दर पायथनने गोळा केले. किलो आणि क्विंटलची सरमिसळ दुरुस्त केली, आठवड्याचे मध्यक काढले. निर्यातबंदीच्या परिणामाचा नेमका अंदाज मिळाला नाही, कारण बंधनमुक्त हंगाम तीनच उरले. ही मर्यादा ओलांडणाऱ्या पद्धती मला शिकायच्या आहेत.’ यात काय केले, काय अडले आणि पुढे काय हवे, तिन्ही आले. अर्थात जे केले नाही ते लिहायचे नाही. मुलाखतीत मध्यकच का, सरासरी का नाही, हे विचारतातच.

एकूण लांबी 800 ते 1,000 शब्द ठेवा, त्यात बालपण नको. गणित-संख्याशास्त्राच्या विषयांची क्रेडिटसह यादी वेगळी जोडा. जर्मन विद्यापीठे ती मोजून पाहतात. जर्मनीसाठी 1 नोव्हेंबर 2022 पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचे) सक्तीचे आहे. त्याला वेळ लागतो, म्हणून गुणपत्रके हाती येताच अर्ज टाका. शिफारसपत्रासाठी प्राध्यापकांना सहा आठवडे आधी भेटा आणि तुमचे टिपण त्यांना वाचायला द्या. टिपण न वाचता लिहिलेल्या पत्रात ‘हुशार व नम्र विद्यार्थी’ यापलीकडे काही येत नाही. देशात आयआयटी मुंबई, टाटा समाजविज्ञान संस्था, बंगळुरूचे राष्ट्रीय विधी विद्यापीठ आणि अझीम प्रेमजी विद्यापीठ यांच्या जाहिराती पाहा.

प्रश्न : मुलगी अर्थशास्त्रात एम.ए. करते, जोडीला हे डेटाचे शिकते. आमचा यंत्रमागाचा छोटा धंदा. नातेवाईक विचारतात, याने नोकरी कोणती लागते? काय सांगावे?
— एक पालक, सोलापूर

उत्तर : नेमक्या जागा सांगा, दादा. यूपीएससीची भारतीय आर्थिक सेवा परीक्षा : अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवी, वय 21 ते 30, लेखी 1,000 गुण आणि मुलाखत 200. जागा दरवर्षी मोजक्याच निघतात, म्हणून ही एकच वाट धरू नये. रिझर्व्ह बँकेत अर्थशास्त्रज्ञांसाठी ग्रेड बीची वेगळी भरती होते. पदवीला संख्याशास्त्र हा विषय असेल तर भारतीय सांख्यिकी सेवा. राज्यात अर्थ व सांख्यिकी संचालनालय आहे, प्रत्येक जिल्ह्यात त्याचे कार्यालय असते. तिथे अन्वेषक, सांख्यिकी सहायक, सहायक संशोधन अधिकारी ही पदे असतात. हेच कार्यालय जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन काढते. ते तिने आजच वाचायला घ्यावे, मुलाखतीत फार कामी येते.

मुख्यमंत्री फेलोशिपच्या अलीकडच्या जाहिरातींत वय 21 ते 26, पदवीला 60 टक्के आणि एक वर्षाचा अनुभव मागितला आहे. हा अनुभव कुठून आणायचा ही मुलांची खरी अडचण असते. संशोधन संस्थांत संशोधन सहायकाची कंत्राटी जागा हा त्यावरचा सरळ मार्ग. सहा महिने ते दोन वर्षे काम असते, पगार सुरुवातीला बेताचा, पण प्रश्नावली, क्षेत्रकाम आणि आकडेमोड तिन्ही हाताखालून जातात. बँका, विमा कंपन्या आणि सल्लागार कंपन्याही अशी मुले घेतात. तिथे एसक्यूएल (माहितीसाठ्यातून हवी ती माहिती काढण्याची भाषा) आणि एक्सेलची चाचणी असते, त्याची तयारी वेगळी करावी लागते.

आणि तुमच्याच कारखान्याची दोन वर्षांची सुताची खरेदी, विजेची बिले आणि टॉवेलच्या ऑर्डरी तिला द्या. सुताचा दर वाढला की तयार मालाचा दर किती आठवड्यांनी आणि किती टक्के वाढतो, हे तिला काढू द्या. बिले तारखेसह हवीत, महिन्याची बेरीज नको. ग्राहकांची नावे काढून टाकली की हे काम ती कोणत्याही अर्जाला जोडू शकते.